अनुभवाची सनद

इ. स. १६७५ च्या एप्रिल महिन्यात कोची येथे तीन कोंकणी वैद्यांनी एक कागद लिहून दिला. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट ही त्यांची नावे. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने त्या मुलखातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करण्याचे मनावर घेतले होते. त्या कामी या तिघांनी सुमारे दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ खपून झाडापाल्याची नावे, त्यांचे गुण आणि उपयोग सांगितले होते. हे सारे आपण आपल्या 'महानिघंटु' नामक ग्रंथाच्या आधारे सांगितले, असे त्यांनी त्या कागदात नमूद केले आहे. कागदाची भाषा कोंकणी, लिपी नागरी. 'हॉर्तुस मालाबारिकुस' या नावाने तो ग्रंथ १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापून निघाला आणि पहिल्या खंडात हा कागद जसाच्या तसा आला. पोर्तुगीज अमदानीत आपले देव आणि आपले कुटुंबकबिले घेऊन ज्यांचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेस गेले त्या समाजातले हे तिघे. त्यामुळे आमच्या वाचकांपैकी अनेकांस हा कागद ठाऊक असेलच.

भाषेच्या अभ्यासकांनी या कागदाचे मोल यापूर्वीच केले आहे; ते पुन्हा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा व्यवसाय वकिलीचा. कागद हाती आला की तो कोणी, कशासाठी व कशाच्या बळावर लिहिला हे पाहण्याची खोड आम्हांस लागलेली आहे. त्या दृष्टीने पाहता हा कागद म्हणजे ज्ञानाचा दाखला होय, आणि तो देणारे कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. त्यांच्या शेजारीच इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचा दाखला आहे. तो तर उघडच सांगतो की आपण पिढीजात वैद्य आहोत. म्हणजे एकाचा आधार घराणे, दुसऱ्यांचा आधार ग्रंथ आणि दोन वर्षांचे काम. युरोपातील पदवीधर पंडितांनी हे सारे लॅटिनमध्ये घातले आणि त्यावर पुढील शतकांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला. तो विश्वास केवळ दाखल्यामुळे बसला असे आम्हांस वाटत नाही. वर्णन केलेले झाड समोर उभे होते, चित्र काढलेले होते, ज्यास शंका असेल त्याने पडताळून पाहावे अशी सोय होती. पुराव्याच्या कायद्यात यापेक्षा अधिक काय मागतात?

खुद्द गोव्यात याच प्रश्नाची वाटचाल निराळ्या रीतीने झाली. गार्सिया द ऑर्ता हा सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला वैद्य १५३४ साली गोव्यास आला. त्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. येथील वैद्यांपासून आपण पुष्कळ शिकलो हे त्याने त्या ग्रंथात लपविलेले नाही. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १५६७ साली, गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून औषध घेऊ नये असे ठरविले. ठराव झाला, पण ताप काही ठराव वाचून उतरत नाही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन लिहून गेला आहे की, हिंदू वैद्यांना येथे मोठा मान असून त्यांच्या डोक्यावर छत्र धरले जाते, जो मान राजदूत आणि धनाढ्य व्यापारी सोडल्यास इतर हिंदूंस मिळत नसे. त्यांच्या रोग्यांत पोर्तुगीज अधिकारीही होते. धर्मपीठाने नाकारलेली विद्या राजवाड्याच्या दाराने आत येत होती.

मग १६१८ साली गोवे शहराच्या नगरसभेने व्यवहार जाणून मधला मार्ग काढला. महावैद्याची परीक्षा दिल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये, आणि परवाना मिळालेल्या हिंदू वैद्यांची संख्या तीसपेक्षा अधिक होऊ नये, असा तो नियम. यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत व त्या सोडवून पाहिल्या पाहिजेत. परीक्षा घ्यावी ही गोष्ट न्यायाची होती. ज्याने पाटण्यास, पुण्यास किंवा पॅरिसला कोठेही शिक्षण घेतलेले नाही, बापाजवळ बसून नाडी पाहावयास शिकला, त्याचे ज्ञान ज्ञान आहे की नुसती बतावणी, हे रोग्याने प्राण गमावण्यापूर्वी कोणीतरी तपासलेच पाहिजे. तीसची मर्यादा मात्र ज्ञानासाठी नव्हती. एकतिसावा वैद्य परीक्षेत उतरला असता तरी त्याचे हात बांधलेलेच राहिले असते. ज्यांच्या हाती परीक्षा असते त्यांच्याच हाती दाराची कडीही असते, आणि आपल्या पेशात किती जण असावेत याविषयी त्यांचे मत सहसा निःस्वार्थी नसते. हे आम्ही आमच्या बंधूवकिलांनाही वगळून म्हणत नाही.

वकिलांची गोष्ट निघालीच आहे, तर ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण गोव्यातील अनुभवसिद्ध ज्ञानाचा सर्वांत बोधप्रद इतिहास तीत आहे.

मराठी मुलखात आजही वकिलाजवळ पदवी किती मोठी आहे हे विचारण्याऐवजी त्याने 'सनद घेतली का' असे विचारतात. हा शब्द काही उगाच टिकलेला नाही. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलांस सनद देण्याची रीत घातली, तेव्हा मुंबई विद्यापीठ जन्मालाही आले नव्हते. ते निघाले १८५७ साली. पदवी नंतर आली, सनद आधी होती. पोर्तुगीज गोव्यात कायद्याची पदवी हवी तर समुद्र ओलांडून कोइंब्रास जावे लागे. तेवढी ऐपत असणारी घरे मोजकी, आणि नव्या काबिजादींतील हिंदू घरांत तर फारच मोजकी. म्हणून पदवीधर वकिलाच्या जोडीला दुसऱ्या जातीचा वकील येथे निर्माण झाला. न्यायालयाच्या कचेरीत किंवा एखाद्या ज्येष्ठ आदवोगादापाशी काम करीत जो कायदा शिकला, त्यास उच्च न्यायालयाकडून परीक्षेअंती वकिली करण्याचा परवाना मिळे. त्या परवान्याचे नाव 'प्रोविझांव', व तो धारण करणारा 'प्रोविझियोनारियु'. पदवीधराहून त्याचा दर्जा खालचा मानीत, हे खरे. पण अशिलाला दर्जाशी कर्तव्य नसते, निकालाशी असते.

आणि पेडणे, डिचोली, सत्तरीच्या बाबतीत तर या अनुभवी वकिलाचे पारडे जड असण्यास एक खास कारण होते. डिचोली आणि सत्तरी १७८१–८२ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांना मिळाले. तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता. येथील लोकांच्या चालीरीती राखण्याचे सरकारने मान्य केले, १८५३ साली नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रीतिरिवाजांची संहिता झाली, आणि १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यास लागू झाल्यावरही १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंचे काही आचार राखून ठेवण्यात आले. आता विचार करावा. एकत्र कुटुंबातला कर्ता कोण, दत्तक कसा घेतला, देवस्थानच्या मानाचा क्रम काय, जमिनीची मोडीतली वहिवाटपत्रे काय सांगतात, हे सारे कोइंब्राच्या कोणत्या वर्गात शिकविले जात होते? तुयेच्या घरातील कागद वाचावयास मोडी यावी लागे, आणि तेथील वाद समजावयास तेथील पंक्तीत जेवलेले असावे लागे. न्यायाधीशास हे ज्ञान नव्हते, पदवीधरास क्वचित असे. ते ज्याच्याजवळ होते त्याच्या पदरी पदवी नव्हती.

आमच्या देवस्थानांचे महाजन हे ओळखतील. १९३३ च्या माजानी नियमावलीपासून देवस्थान समितीवर अध्यक्ष, खजिनदार यांच्याबरोबर मुखत्यार असतो. मुखत्यार म्हणजे देवाच्या वतीने कोर्टकचेरी पाहणारा माणूस. तो कायद्याचा पदवीधर असावा असे बंधन नाही. तीन वर्षे देवाच्या जमिनींचे, कुळांचे आणि भाडेपट्ट्यांचे कागद उलथेपालथे केल्यावर तो जे शिकतो ते विधी महाविद्यालयात तीन वर्षे बसून शिकता येईलच असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. याउलट, जे तेथे शिकता येते ते त्याला येत नसते, हेही खरे. कायदा असा का आहे, अन्यत्र कसा आहे, तो बदलला तर काय होईल, या प्रश्नांची सवय वहिवाटीने लागत नाही.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी भारताच्या संसदेने ॲडव्होकेट्स ॲक्ट केला होता, आणि त्या कायद्याचा रोख देशभर वकिलांचा एकच वर्ग असावा, व त्यात यापुढे कायद्याच्या पदवीनेच प्रवेश व्हावा, असा होता. मग गोव्यातील जुन्या वकिलांचे काय? पोर्तुगीज कायद्यान्वये ज्यांस वकिली करण्याचा हक्क होता त्यांच्यापैकी कित्येकांजवळ भारताला मान्य अशी कोणतीच पदवी नव्हती. हा प्रश्न तात्त्विक नव्हता. चाळीशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाटी दारावरून उतरवावयाची की नाही, त्याच्या घरी चूल कशी पेटावयाची, असा तो होता. संसदेने पुढे त्या कायद्यात ५८-एई हे कलम घातले. त्याचा आशय असा की, वकिलीविषयीचे प्रकरण गोवा, दमण व दीव येथे लागू होण्याच्या आदल्या क्षणापर्यंत तेथील कायद्याप्रमाणे ज्यांना वकिलीचा व्यवसाय करण्याचा हक्क होता, त्या सर्वांस १९२६ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयाच्या पटावर नोंदलेले ॲडव्होकेट 'मानले जाईल', आणि अर्ज केल्यावर त्यांचे नाव पटावर चढेल. अट एकच, अर्जदार भारताचा नागरिक असला पाहिजे.

'मानले जाईल' हे दोन शब्द कायद्यातील मोठे बलवान शब्द होत. जे नाही ते आहे असे धरून चालावयाचे, आणि मग त्यापासून निघणारी सर्व फळे द्यावयाची. येथे कोणाची नवी परीक्षा घेतली नाही. पूर्वी एका परक्या राज्याच्या न्यायालयाने घेतलेली परीक्षा पुरेशी धरली. आम्हांस हे कलम अत्यंत शहाणपणाचे वाटते. पण त्याच्या मर्यादेकडेही डोळेझाक करता येत नाही. ते एका पिढीपुरते होते. ती पिढी संपली आणि दार लागले. गोव्यात साळगावकर विधी महाविद्यालय १९७३ साली निघाले, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ साली पणजीस आले, आणि कोर्टात नुसत्या सरावाने शिकलेला माणूस यापुढे कारकून राहील, वकील होणार नाही, हे ठरून गेले. बार कौन्सिलचे २००८ चे नियम तर याहून पुढे गेले: मूळची शालेय पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी मिळविलेल्यास कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेशच नाही. अमेरिकेचा अब्राहम लिंकन १८३६ साली कोणत्याही विधी महाविद्यालयाची पायरी न चढता वकील झाला. आज तो आमच्याकडे आला तर त्यास आम्ही बाहेरच्या बाकावर बसवू.

गंमत अशी की ज्या न्यायालयाने अनुभवी माणसास वकिलाचा झगा नाकारला, तेच न्यायालय त्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तज्ज्ञ म्हणून आदराने बोलावते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम, आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ३९ वे कलम, तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात विशेष निपुण असलेली व्यक्ती एवढेच म्हणते. निपुणता पदवीने आली की हाताने काम करून आली याचा भेद तेथे नाही. उलटतपासणीत ती टिकली पाहिजे, एवढेच.

विद्यापीठांनीही हा भेद कधी केलाच नाही असे नाही; मात्र त्यासाठी माणूस धर्मानंद कोसंब्यांच्या तोलाचा असावा लागला. सांकवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या सारस्वत गृहस्थाजवळ शाळेचा धड दाखलाही नव्हता. १८९९ साली घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश असा प्रवास करीत त्यांनी आधी संस्कृत व मग पाली संपादन केली. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. तेथील मोठ्या पगाराची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा पन्नास रुपयांवर ते महाराष्ट्रात आले, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश घडवून आणला. १९१० साली ते 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, व परत आल्यावर १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. ज्यास त्या कॉलेजात विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता तो तेथे गुरू म्हणून बसला! पण कोसंब्यांचे उदाहरण देऊन थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. हजारांत एखाद्यासाठी नियम वाकविणे सोपे असते. त्यात संस्थेचीच शोभा वाढते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांसाठी नियमच हवा.

त्या नऊशे नव्याण्णवांपैकी एक तुयेचा आहे. तुये हे पेडणे तालुक्यातले गाव आज नुसते शेतीवाडीचे राहिलेले नाही. तेथे औद्योगिक वसाहत आहे, आणि तालुक्यातच मोप येथे २०२३ च्या आरंभापासून विमाने उतरू लागली आहेत. हे गृहस्थ दहावीनंतर कामास लागले. वीजजोडणी, यंत्रांची दुरुस्ती, पुढे पाळीवरच्या माणसांची देखरेख, असे करता करता बावीस वर्षे गेली. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या पदविकाधर मुलांना वरची जागा मिळते, यांना मिळत नाही, कारण अर्जात शिक्षणाचा जो रकाना असतो तेथे लिहावयास काही नाही. त्यांना आता पुढे शिकावयाचे आहे, पण पहिल्या इयत्तेपासून नव्हे. ते आमच्याकडे अनुभवाचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावयास आले. असे लोक वरचेवर येतात. स्टॅम्पपेपरवर काही लिहून नोटरीचा शिक्का पडला की अनुभवाचे रूपांतर विद्येत होते अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. वास्तविक प्रतिज्ञापत्राने सिद्ध होते ते एवढेच, की अमुक इसमाने अमुक दिवशी शपथेवर असे सांगितले.

त्यांच्या सुदैवाने आता नियम अगदीच नाही असे नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून औपचारिक शाळा न झालेल्यांसाठी पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमाने दार उघडले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली श्रेयांकांची पेढी निघाली, व २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक चौकट प्रसिद्ध झाली. तिचा हिशेब असा: तीस तासांच्या शिक्षणास एक श्रेयांक, वर्षाच्या बाराशे तासांस चाळीस. वर्गात, कार्यशाळेत वा प्रत्यक्ष कामावर, कोठेही शिकलेले चालेल. मात्र त्याचे मूल्यमापन झालेच पाहिजे. अनुभवासाठी गुणकही ठरविला आहे. एक वर्षापर्यंत एक, त्यापुढे चार वर्षांपर्यंत १.३३, सात वर्षांपर्यंत १.६७, आणि सातांहून अधिक झाल्यास दोन. कल्पना उत्तम आहे. पण गुणाकार करावयाचा तर खाली काही संख्या पाहिजे. ज्याच्याजवळ मुळात एकही प्रमाणित अभ्यासक्रम नाही त्याचा शून्यास दोनाने गुणून शून्यच येणार. म्हणून त्याने आधी पूर्वज्ञानाची परीक्षा देऊन पाया मिळवावयाचा असतो. शिवाय सात वर्षे झालेल्यास आणि बावीस झालेल्यास गुणक एकच! कदाचित हे योग्यही असेल. बावीस वर्षांत एकच वर्ष बावीस वेळा काढलेली माणसे आम्ही वकिलीतही पाहिली आहेत.

फ्रान्सने या वाटेवर आपल्याआधी पुष्कळ मजल मारली आहे. १९३४ च्या कायद्याने तेथे अनुभवी माणसास परीक्षेने सरकारमान्य इंजिनियर होता येऊ लागले, आणि २००२ च्या कायद्याने तर संपूर्ण पदवीदेखील अनुभवाच्या बळावर मिळण्याची सोय झाली. त्यातला मर्माचा भाग असा की उमेदवार आपल्या कामाचे सविस्तर टिपण लिहितो आणि पंचमंडळ त्याला त्यावर प्रश्न विचारते. पंचांत अध्यापक असतात तसेच त्या व्यवसायातले लोकही असतात. हॉर्तुसच्या कागदाशी याचे नाते जवळचे आहे. आम्ही कोण हे तीन वैद्यांनी सांगितलेच, पण काय केले, किती काळ केले, कोणत्या ग्रंथाच्या आधारे केले, हेही सांगितले.

गोवा विद्यापीठाखाली असे पंच कोणी नेमावयाचे, त्यांत कारखान्यातला जुना फोरमन बसू शकेल काय, आणि त्याच्या सहीला अध्यापकाच्या सहीइतके वजन राहील काय, यावर महाविद्यालयांनी आताच बोलावयास हवे. पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे तर या बाबतीत काही देणेच लागते. विर्नोड्याच्या त्या महाविद्यालयाला नाव आहे संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे, आणि त्यांची विद्या कोणत्या महाविद्यालयातली नव्हती. पंचांच्या नेमणुकीबरोबर १६१८ सालची ती 'तीस'ची आठवणही जागी ठेवली पाहिजे. जागा किती द्यावयाच्या हे आधी ठरवून मग परीक्षा घेतली, तर ती परीक्षा ज्ञानाची राहत नाही.

तुयेच्या गृहस्थांचे प्रतिज्ञापत्र आम्ही केले नाही. त्याऐवजी त्यांना एक वही आणावयास सांगितली. कोणते यंत्र, कोणता बिघाड, तो कसा ओळखला, काय बदलले, कोणास शिकविले, असे एकेक प्रसंग तारखेनिशी मांडावयास सांगितले. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार पाने लिहिली. पुढच्या खेपेस आले तेव्हा सदतीस पाने झाली होती, आणि एका जुन्या जनित्राचा आराखडा त्यांनी पेन्सिलीने इतका स्वच्छ काढला होता की आमच्या कारकुनाने तो दोनदा पाहिला. लिहिताना पुष्कळ गोष्टी 'का' होतात ते आपल्याला सांगता येत नाही, असे ते स्वतःच म्हणाले. ती जागा त्यांनी वहीत कोरी सोडली आहे.